छायाचित्रण-शाळेचे पहिले प्रदर्शन आदिवासी स्त्रियांवर असेल, तर चित्राखाली काय लिहावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिक जिल्ह्यात छायाचित्रण शिकवणारी एक लहान शाळा सुरू होत आहे. ९ ऑगस्टला, म्हणजे जागतिक आदिवासी दिनी, तिचे उद्घाटन करावे आणि त्याच दिवशी आदिवासी स्त्रियांचा गौरव करणारे प्रदर्शन भरवावे, असा संस्थेचा विचार आहे. निरनिराळ्या छायाचित्रकारांकडून चाळीसेक चित्रे जमली आहेत आणि त्यांतील बहुतेक सण, दागिने व चेहरे यांची आहेत. त्यांतून निवड कशी करावी, चित्रांखाली काय लिहावे आणि छपाई-मांडणीत काय सांभाळावे, असे संस्थेच्या संचालकांनी विचारले आहे.

माझी पहिली सूचना अशी की निवडीला आत्ता हात घालू नका. आधी चाळीसही चित्रांखालची ओळ लिहायला बसा. ही बाई कोण, गाव कोणते, महिना कोणता, ती काय करत आहे, चित्र कोणी काढले, ते तिने पाहिले आहे का आणि ते भिंतीवर लागणार हे तिला ठाऊक आहे का, एवढे प्रत्येक चित्राबाबत कागदावर उतरवा. छायाचित्रकारांना फोन करा, आणि लागले तर गावात जाऊन या. माझा अनुभव असा की या एका कामात निम्म्याहून अधिक चित्रे आपोआप बाजूला पडतात, कारण ज्याने चित्र काढले त्यालाही त्या बाईचे नाव माहीत नसते. उरतील ती चित्रे कदाचित पंधराच असतील, पण प्रदर्शन त्यांचे होईल. शाळेच्या पहिल्या तुकडीतील मुले त्या भिंतीवरून एक गोष्ट नकळत शिकणार आहेत: समोरच्या माणसाचे नाव विचारणे हा छायाचित्राचाच भाग आहे, की तो नंतर जमले तर करायचा सोपस्कार आहे. वर्गात पुढे कितीही व्याख्याने दिली तरी हा पहिला धडा पुसला जात नाही.

नावाचा एवढा आग्रह कशासाठी, याचे सर्वांत बोलके उदाहरण जगातील बहुधा सर्वाधिक छापल्या गेलेल्या स्त्री-छायाचित्रात आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी तंबूत बसलेल्या एका आईची मोजकीच चित्रे घेतली. अमेरिकी सरकारच्या ज्या खात्यासाठी त्या काम करत होत्या, त्याच्या नोंदीत त्या बाईचे वय ३२ आणि मुले सात, एवढे आले. नाव आले नाही, कारण लँग यांनी ते विचारलेच नव्हते. हे चित्र ‘स्थलांतरित आई’ म्हणून जगभर गेले, त्याची पोस्टरे निघाली, पुढे टपाल तिकीटही निघाले, पण ती बाई कोण हे जगाला कळायला १९७८ साल उजाडले. त्यांचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. त्या चेरोकी या मूलनिवासी जमातीतील होत्या आणि १९०३ मध्ये, आजचे ओक्लाहोमा तेव्हा ‘इंडियन टेरिटरी’ म्हणून ओळखले जात असे, तिथे जन्मल्या होत्या. म्हणजे गोऱ्या अमेरिकी शेतकऱ्याच्या हालअपेष्टांचे प्रतीक म्हणून जो चेहरा चार दशके वापरला गेला, तो एका मूलनिवासी स्त्रीचा होता, आणि चित्राखालच्या ओळीत नाव नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नाही. थॉम्प्सन यांची तक्रार सरळ होती: बाईंनी माझे नाव विचारले नाही, चित्र विकणार नाही म्हणाल्या, प्रत पाठवते म्हणाल्या, आणि ती कधीच आली नाही. चित्र सरकारी कामातील असल्याने लँग यांनाही त्यातून स्वामित्वधन मिळाले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र तंबूच्या खांबावर टेकलेला एका हाताचा अंगठा चौकटीच्या कोपऱ्यात आला होता आणि तो खटकतो म्हणून लँग यांनी पुढे मूळ निगेटिव्हवर तो पुसून घेतला. अंगठ्याकडे इतके बारीक लक्ष गेले आणि नावाकडे गेले नाही. वर्गात हे चित्र दाखवाल तेव्हा मुलांना तो अंगठा शोधायला लावा.

या सवयीची मुळे जुनी आहेत आणि ती आपल्याही मातीत आहेत. अमेरिकेत छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस यांनी १९०७ ते १९३० या काळात मूलनिवासी जमातींवर वीस खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या आरंभीच्या चित्रांपैकी एक किकिसोब्लू या वृद्ध स्त्रीचे आहे. ज्यांच्या नावावरून सिअॅटल शहर ओळखले जाते, त्या प्रमुखांची ती मुलगी. लोकांचे कपडे धुऊन आणि समुद्रकाठी शिंपले खणून ती पोट भरत असे, आणि कर्टिस यांनी तिला दर चित्रामागे एक डॉलर दिला. जगाला मात्र ती गोऱ्या वसाहतकारांनी ठेवलेल्या ‘प्रिन्सेस अँजेलिन’ या नावाने माहीत झाली. याच कर्टिस यांनी पिगन जमातीच्या एका तंबूतील चित्रातून दोन माणसांच्या मधे ठेवलेले घड्याळ छापताना काढून टाकले, कारण ‘लोप पावणाऱ्या’ जमातीच्या घरात घड्याळ असणे त्यांच्या कथेत बसत नव्हते. आपल्याकडे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. त्यांत चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत आणि बहुतेकांखाली माणसाच्या जागी जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. त्याआधी मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी शहरातील निरनिराळ्या समाजांवर दोन खंड काढले. त्यांत स्टुडिओत काढलेल्या आकृती कापून निराळ्या ठिकाणच्या देखाव्यांवर बसवल्या होत्या. म्हणजे माणसे एका जागेची आणि पार्श्वभूमी दुसऱ्या जागेची. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील छायाचित्रणाचा वर्ग १८५५ चा आहे. तेव्हा महाराष्ट्रात छायाचित्रण शिकवणे नवे नाही, आणि शिकवताना कोणाला बघायचे व कोणी बघायचे हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

आता तुमच्या चाळीस चित्रांकडे येते. सण, दागिने आणि चेहरे यांत वावगे काही नाही. सातपुड्यातील पावरा स्त्रिया होळीला अंगभर चांदी घालतात ती स्वतःच्या हौसेने घालतात, आणि त्या नटलेल्या दिवशी आपला फोटो निघावा असे त्यांनाही वाटते. अडचण होते ती भिंतीवर दुसरे काहीच नसते तेव्हा. पेठ-सुरगाण्याच्या बाया भातलावणीनंतर काय करतात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत थिनिंगला, म्हणजे घडातील मणी विरळ करायला, पहाटेच्या जीपने कशा जातात, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर निघताना घरातील काय बरोबर नेतात आणि काय मागे ठेवतात, गावातील आशा कार्यकर्तीच्या पिशवीत काय असते, ग्रामसभेत बाया कुठे बसतात, ही चित्रे तुमच्या चाळिसांत आहेत का ते पाहा. नसतील तर अजून काही आठवडे हातात आहेत. वनहक्क कायद्याच्या, म्हणजे २००६ च्या कायद्याच्या, कलम ४ मध्ये विवाहितांच्या बाबतीत वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा असे स्पष्ट म्हटले आहे. स्वतःचे नाव असलेला तो कागद हातात घेऊन आपल्या शेताच्या बांधावर उभी असलेली स्त्री, हे माझ्या मते कोणत्याही दागिन्याच्या चित्रापेक्षा गौरवाच्या प्रदर्शनात अधिक शोभेल. शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे चित्र असेल तर जरूर लावा, पण मडकी, गाडगी आणि त्यांतले वाण दिसू द्या, आणि वाणांची नावे ओळीत लिहा.

एका प्रकारच्या चित्राबद्दल मात्र मी आग्रहाने नकार देईन. उन्हाळ्यात त्र्यंबकेश्वर-पेठ भागातील विहिरीच्या कडेला उतरलेल्या बाईचे, वरून घेतलेले, डोक्यावर हंडा असलेले चित्र दरवर्षी कोणी ना कोणी काढतो आणि ते दरवर्षी छापले जाते. पाणीटंचाई खरी आहे आणि बातमीत ते चित्र हवेच. गौरवाच्या भिंतीवर मात्र ते आले की बाई दिसत नाही, तिच्या डोक्यावरचा हंडाच दिसतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका प्रदर्शनात असेच एक चित्र होते आणि ज्यांचे ते होते त्या बाई मुलासह ते पाहायला आल्या होत्या. बराच वेळ पाहून त्या एवढेच म्हणाल्या की हा हंडा आमचा नाही. आमच्या हंड्याला तळाशी डाग दिलेला आहे, हा चकचकीत हंडा फोटो काढणाऱ्या साहेबांनी शेजारणीकडून आणून हातात दिला. संयोजकांना ती गंमत वाटली. मला मात्र कर्टिस यांनी घड्याळ काढले आणि या गृहस्थांनी हंडा घातला, एवढाच फरक दिसला. तुमच्या छायाचित्रकारांना हा प्रश्न विचाराच: चौकटीत तुम्ही काय आणून ठेवले आणि काय बाजूला सारले? प्लास्टिकची खुर्ची, मोबाइलचा चार्जर, घरकुल योजनेची पाटी हे सगळे मुद्दाम वगळलेले असेल तर ते चित्र आजच्या गावाचे राहिलेले नाही.

नाव हरवण्याचा प्रकार फक्त कॅमेऱ्यामुळे घडतो असेही नाही, आणि तुमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या वारली मुलखात त्याचा दाखला आहे. लग्नघरातील भिंतीवर पालघाट देवीचा चौक, म्हणजे विधीचे चौकोनी चित्र, लिहिण्याचा मान सवासिनींचा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या तो लिहीत आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी स्त्री, त्या वेळी गाणी म्हणत असे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली, शहरात गेली आणि विकली जाऊ लागली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर जे केले ते अपूर्व होते आणि २०११ ची पद्मश्री त्यांना योग्यच मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळाले. पण कागदाबरोबर चित्राखाली सही आली, आणि सही करण्याची वेळ आली तेव्हा बहुतेक नावे पुरुषांची होती. ज्यांच्या हातून ही रेषा आली त्या सवासिनींची नावे भिंतीवर लिहिण्याची रीतच नव्हती, त्यामुळे ती आज कोणाला ठाऊक नाहीत. चौक लिहिणाऱ्या स्त्रियांची चित्रे तुमच्याकडे असतील तर निदान या वेळी ती नावे लिहून ठेवा. आणि चौक हा विधीचा भाग आहे, त्यामुळे तो लिहिला जात असतानाचे चित्र परक्यांच्या सभागृहात लावलेले चालेल का, हे त्या घराला विचारल्याशिवाय लावू नका.

इथे एक गोष्ट उलट बाजूने सांगणे भाग आहे, नाहीतर तुम्ही माझा सल्ला अतिउत्साहाने अमलात आणाल. नाव लिहिणे हे सगळीकडे सन्मानाचे असतेच असे नाही. ब्राझीलमधील यानोमामी लोकांत व्यक्तीचे नाव उघडपणे उच्चारत नाहीत. क्लॉडिया आंदुहार या छायाचित्रकार १९७१ पासून त्यांच्यात वावरत होत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साथींनी वस्त्या ओस पडू लागल्या तेव्हा त्या डॉक्टरांबरोबर लसीकरणाला गेल्या. आरोग्यपत्रकावर नाव लिहिता येत नव्हते, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाची पट्टी घालून त्यांनी चित्रे काढली. आंदुहार यांचे वडील ज्यू होते आणि नाझींच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला होता. माणसावर क्रमांक घालण्याचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळणार? तरीही त्या वेळी ते क्रमांक जीव वाचवण्यासाठी होते. पुढे हीच चित्रे कलादालनांत लागली तेव्हा सोबत ही सगळी हकीकत द्यावी लागली. यानोमामींच्या भूमीला १९९२ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले, त्यामागच्या लांबलचक लढ्यात आंदुहार यांचा मोठा वाटा होता. सांगायचा मुद्दा असा की नाव द्यायचे की नाही हा निर्णय त्या बाईचा असला पाहिजे, आणि तिने नको म्हटले तर ‘नाव तिच्या इच्छेवरून दिलेले नाही’ असे ओळीत लिहिता येते. ‘कातकरी स्त्री’ या दोन शब्दांहून त्या वाक्यात पुष्कळ अधिक आहे. काही ठिकाणी कायदाच बोलतो: लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने बंदी आहे, अल्पवयीन मुलींच्या बाबतीत पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा आहे, आणि अंदमानातील जारवा या आदिवासी लोकांचे छायाचित्र घेणे हाच गुन्हा आहे. तुमच्या संग्रहात कोणी पर्यटक म्हणून काढलेले असे चित्र आले असेल तर ते परत करा.

बाहेरच्या माणसाने आदिवासी स्त्रीचे चित्र काढूच नये, असे मत अलीकडे ऐकू येते. मला ते पटत नाही. मेक्सिकोतील छायाचित्रकार ग्रासिएला इतुर्बिदे १९७९ मध्ये चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांच्या बोलावण्यावरून हुचितान या झापोतेक मूलनिवासींच्या गावी गेल्या आणि पुढची दहा वर्षे जात राहिल्या. बाजारात विक्रीसाठी जिवंत इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, डोक्यावर घेऊन आलेल्या सोबेइदा दियास यांचे त्यांनी काढलेले चित्र आज सर्वांना माहीत आहे. त्याच्या कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे फिल्मवरील सगळ्या चौकटी एकत्र छापलेल्या कागदावर, डझनभर चौकटी आहेत. बाकीच्यांत इग्वाना घसरत आहेत, माना टाकून बसले आहेत किंवा त्या बाई हसत आहेत, आणि एकाच चौकटीत सगळे डोकी वर काढून स्थिर झाले आहेत. तुमच्या विद्यार्थ्यांनी हे शिकण्यासारखे आहे, कारण ते एक चित्र नजरेच्या तयारीने मिळाले तसे त्या बाई तेवढा वेळ उभ्या राहिल्या म्हणूनही मिळाले. गावाने ते चित्र इतके आपले मानले की तिथे त्याचा पुतळाही उभा राहिला. पुन्हा पुन्हा जाणे, बाजारात त्यांच्यात बसणे आणि चित्रे परत नेऊन दाखवणे हे ज्याने केले आहे, तो बाहेरचा असला तरी त्याचे चित्र लावायला माझी हरकत नाही. एका सहलीत, गाडीतून उतरून काढलेल्या चित्राला आहे.

तरीही भिंतीचा एक मोठा भाग आदिवासी स्त्रियांनी स्वतः काढलेल्या चित्रांसाठी राखून ठेवा, असे मी ठामपणे सांगेन. अमेरिकेतील पहिल्या ज्ञात मूलनिवासी स्त्री-छायाचित्रकार म्हणून जेनी रॉस कॉब यांचे नाव घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कर्टिस लोप पावणाऱ्या जमातींच्या मागे लागले होते त्याच सुमारास, ही चेरोकी मुलगी आपल्या विद्यालयातील मैत्रिणींची चित्रे काढत होती. त्या चित्रांत मुली त्या काळच्या फॅशनच्या पोशाखात, निवांत, एकमेकींत रमलेल्या दिसतात. लोप पावण्याची त्यांना काही घाई दिसत नाही. दुसरे उदाहरण मेक्सिकोतील चियापास प्रांताचे. सान क्रिस्तोबाल दे लास कासास येथे १९९२ मध्ये कार्लोता दुआर्ते यांनी माया समाजांतील लोकांना कॅमेरा शिकवणारा प्रकल्प सुरू केला. त्यात आलेल्या मारुच सांतीस गोमेस या त्सोत्सिल माया समाजातील तरुण मुलीने चेहरे काढले नाहीत. तिने घरातील वस्तू काढल्या आणि प्रत्येकीसोबत त्या वस्तूविषयीची वडीलधाऱ्यांची समजूत आपल्या भाषेत लिहिली: कशाचे काय केले की काय होते, काय करू नये, कोणत्या वेळी करू नये. ज्या चामुला परिसरातून ती आली तिथल्या देवळात कॅमेऱ्याला मज्जाव आहे, हे लक्षात घेतले की तिच्या चित्रांतला संयम अधिक कळतो. आपल्याकडच्या आजीला झाडू, उंबरठा, सूप, चूल यांविषयी विचारून पाहा, तेवढीच मोठी वही भरेल. तुमच्या हाती असलेल्या दिवसांत दोन गावांतील दहा-बारा मुली आणि बाया त्यांच्या हातातील मोबाइलवर हे सहज करतील. त्यासाठी नवा कॅमेरा नको, पण पहिल्या तुकडीत त्यांच्यातल्या काहींना बिनशुल्क जागा हवी. ज्यांच्यावर प्रदर्शन आहे त्यांना प्रवेशशुल्क परवडत नसेल तर उद्घाटनाच्या दिवशी कोणी ना कोणी ते विचारेलच.

कायद्याची बाजू कोरडी आहे, पण ती टाळू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते काढणारा असतो; कोणी मोबदला देऊन काढून घेतले असेल तर काढून घेणारा. ज्या बाईचा चेहरा आहे तिचा त्यात कॉपीराइट नसतो, आणि छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे हा हक्क चालतो. म्हणजे थॉम्प्सन यांच्यावर जी पाळी आली ती इथेही कायदेशीरपणेच येऊ शकते. म्हणून एक साधा करार तिच्या भाषेत समजावून करा: चित्र या प्रदर्शनात लागेल, शाळेच्या माहितीपत्रकावर किंवा कॅलेंडरवर वापरायचे असेल तर पुन्हा विचारले जाईल, विकले गेले तर ठरलेला वाटा तिला मिळेल, आणि नको वाटले तर कधीही उतरवले जाईल. अंगठा घेऊन काम उरकू नका. गावातील शिकलेल्या मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्या आणि बाईंचे उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. आणि छापील प्रत प्रदर्शनाआधी तिच्या घरी पोहोचली पाहिजे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो फोन बदलला की जातो, चौकटीतला भिंतीवर राहतो.

छपाईबद्दल दोन गोष्टी सांगते. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या आभाळापुढे किंवा चुन्याच्या भिंतीपुढे उभ्या सावळ्या चेहऱ्याचा तो काळा ठिपका करून टाकतो. एकेकाळी फिल्म छापणाऱ्या प्रयोगशाळा गोऱ्या स्त्रीच्या चेहऱ्याच्या नमुना-कार्डावरून रंग जुळवत. आज कार्ड गेले तरी मोबाइलमधील ‘ब्युटी’ची खोड उरली आहे, ती सावळी कातडी उजळ करते. दोन्ही टाळा. मीटर चेहऱ्यावर घ्या, चांदीचा दागिना थोडा पांढराफटक पडला तरी चालेल, गालावरची छटा जाता कामा नये. दुसरी खोड कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवण्याची आहे, ज्याने प्रत्येक म्हातारीच्या सुरकुत्या भेगाळलेल्या जमिनीसारख्या दिसतात आणि स्पर्धेत बक्षीस मिळते. मूळ चित्र रंगीत असेल तर रंगीतच छापा. लुगड्याचा रंग तिने निवडलेला असतो. ऑगस्टात तुमच्याकडच्या दमट हवेत सनबोर्डावर चिकटवलेले कागद फुगतात आणि चकचकीत लॅमिनेशनमध्ये दिव्यांशिवाय काही दिसत नाही, म्हणून मॅट कागद, पिगमेंट शाई आणि भिंतीपासून बोटभर पुढे येणारी चौकट घ्या. चित्राचा मध्य साधारणपणे जमिनीपासून दीड मीटरवर ठेवतात, तो इथे दहाएक सेंटीमीटर खाली आणा, कारण पाहायला येणाऱ्यांत मुले आणि बुटक्या आज्या अधिक असाव्यात. ओळी मराठीत आणि जिची जी बोली असेल तिच्यात, दोन्ही देवनागरीत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी त्या बाईंच्याच आवाजात ऐकायची सोय असावी. क्यूआर कोड जरूर लावा, पण दोन-तीन हेडफोनही टांगून ठेवा.

तारखेबाबत माझे मत तुमच्याहून वेगळे आहे. ९ ऑगस्ट हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरवला, कारण १९८२ साली त्या तारखेला मूलनिवासी लोकांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. आज हा दिवस आपल्याकडे तालुक्या-तालुक्यांत मिरवणुकांनी साजरा होतो आणि बाया त्या दिवशी आपापल्या तालुक्याच्या गावी मिरवणुकीत असतात. तुमच्या सभागृहात त्या येणार नाहीत. येतील ते निमंत्रणपत्रिकेवरचे पाहुणे. लावणी आटोपल्यानंतरचा आणि भात कापणीआधीचा एखादा रविवार त्यांनाच विचारून ठरवा, आणि दिवाळीनंतर तर ठेवूच नका, कारण तोवर अर्धे गाव कामावर गेलेले असते. फीत कोणी कापावी हे मी सुचवणार नाही. दाराबाहेरच्या फ्लेक्सवर मान्यवरांचे बारा चेहरे प्रत्येकी नाव आणि पदासह झळकतात, आणि आत भिंतीवरच्या बाया ‘आदिवासी महिला, सुरगाणा’ असतात, हा देखावा मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की फ्लेक्सच करू नका, असे सांगावेसे वाटते. करायचाच असेल तर चित्रातल्या सगळ्या स्त्रियांची आणि सगळ्या छायाचित्रकारांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत त्यावर टाका.

आणि ज्या बायांची चित्रे आहेत त्यांना आणायला गाडी पाठवा, त्या दिवसाची बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात धरा आणि ती पाकिटात घालून येतानाच द्या, भाषणे संपल्यावर नको. बरोबर लहान मूल येईल आणि सासूही येईल, त्यांचेही जेवण धरा. आणि परतीची गाडी किती वाजता निघणार हे सकाळीच सांगा, कारण अंधार पडण्याआधी घरी पोहोचायचे असते.